मालक ऑफसाइड

सांडू दांडगे रेफरी झाला तो त्याच्या मनगटावर घड्याळ होतं म्हणून. फुटबॉलचं ज्ञान, शरीरयष्टी, निःपक्षपातीपणा वगैरेची चौकशी नंतर झाली, आणि ती झाली तेव्हा फार उशीर झाला होता. मुकुंदवाडीच्या पोरांचा पहिला सामना ठरला त्या दिवशी त्यांना फक्त वेळ बघायला माणूस हवा होता. सांडू चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. पाळी उरकून तो सायकल हातात धरून रुळाच्या अलीकडच्या वावरातून घरी चालला होता. कोणीतरी ओरडलं, "भाऊ, टाईम काय झाला?" सांडूनं टाईम सांगितला. त्याला आता बरीच वर्षं झाली, पण त्या वावरातून तो अजून घरी गेलेला नाही असं त्याची बायको वच्छलाबाई म्हणते.

दांडगे हे आडनाव त्याच्या घराण्यात कोणी आणि कशाच्या जोरावर मिळवलं, याचा पुरावा सांडूच्या अंगावर कुठंच नव्हता. चड्डी घातली की त्याचे पाय आणि गोलचे बांबू यांत लांबून फरक कळत नसे. पण माणूस पक्का. औरंगाबादला जाऊन त्यानं नियमांचं पुस्तक आणलं, पोथीसारखं वाचलं, आणि काळी चड्डी, काळा शर्ट शिवून घेतला. शिंप्यानं शर्टाला सवयीनं दोन खिसे लावले. एकात पिवळं कार्ड, एकात लाल. पिवळ्या कार्डाच्या कडा वापरून वापरून मऊ पडल्या होत्या. लाल कार्ड मात्र नव्यासारखं कोरं होतं. ते दाखवावं असा प्रसंग कधी आला नव्हता, किंवा आला तेव्हा समोरचा पोरगा फार धिप्पाड होता.

रेफरीचं काम तसं सोपं असतं. बावीस माणसं बॉलच्या मागं पळतात आणि तेविसावा त्यांच्या मागं पळतो. बाकीच्यांना बॉल हवा असतो, तेविसाव्याला तो नको असतो, एवढाच फरक. शिव्या मात्र सगळ्या तेविसाव्याला. "ए रेफरी, नाश्ता उधर का खाया क्या रे?" हा प्रश्न सांडूला दर रविवारी दोन्ही बाजूंनी विचारला जाई, आणि दोन्हीकडचा आरोप खरा असे. तो नाश्ता कायम दोन्ही संघांचा खायचा. एकाच बाजूचे पोहे खाल्ले तर पक्षपात, आणि कोणाचेच नाही खाल्ले तर माज. न्यायाची चाड असणाऱ्या माणसाला दोन प्लेट पोह्यांवर पळावं लागतं, हे नियमांच्या पुस्तकात कुठंही लिहिलेलं नाही.

मैदान म्हणजे तात्यासाहेब गव्हाणे यांचं पडीक वावर. त्याला एका अंगाला उतार होता. नाणेफेक जिंकणारा कप्तान पहिल्यांदा उताराची बाजू मागायचा आणि दुसऱ्या डावात चढ लागला की देवाला दोष द्यायचा. एका कोपऱ्यात बाभूळ होती, तीही रेषेच्या आत. "बाभळीला लागून आला तर खेळ चालू" हा सांडूचा पहिला ऐतिहासिक निर्णय. दुसरा बकरीचा. एकदा बॉल चतुराबाईंच्या बकरीच्या पोटाला लागून गोलात गेला. खेळणाऱ्यांपैकी नसलेल्या कोणाही प्राण्यानं, वस्तूनं किंवा माणसानं घातलेला गोल धरायचा नाही, असं सांडूनं पुस्तकाच्या आधारानं जाहीर केलं. तेव्हापासून चतुराबाई त्याच्याशी बोलत नव्हत्या. बकरीचा गोल हिसकावून घेतला असं त्यांचं म्हणणं होतं.

"कळतंय मला तुम्ही तिथं काहून जाता ते," वच्छलाबाई एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या. "घरात मीठ मागितलं तर कोणी वाटी सरकवत नाय. कारखान्यात साहेब खेकसतो. तिथं नुसतं फुर्र केलं की बावीस पोरं जागच्या जागी उभी ऱ्हातात."

सांडू यावर पाणी प्यायला. बायकोचं म्हणणं तंतोतंत खरं असलं की तो पाणीच पीत असे.

तर अशा या मैदानावर त्या साली संक्रांत आली ती आप्पासाहेबांच्या रूपानं. आप्पासाहेब प्लॉट पाडायचे. शहर त्या दिवसांत गरोदर बाईसारखं रोज वाढत होतं. पलीकडचं पुंडलिकनगर हेसुद्धा कोणाच्या तरी ज्वारीच्या वावरावर उगवलेलं पीक, आणि ते इतकं जोमदार आलं होतं की आसपासच्या सगळ्या वावरांना तेच बी पेरावं असं वाटायला लागलं होतं. आप्पासाहेब तात्यासाहेबांच्या ओसरीवर रोज चहाला येऊ लागले. मग बातमी आली, की मंगळवारी मोजणी. मोजणी झाली की दगड रोवणार, दगड रोवले की मैदान संपलं.

फायनल त्याआधीच्या रविवारी होती. मुकुंदवाडीचा कप्तान फकिरा आणि पुंडलिकनगरचा गोलकीपर मजीद, दोघं एकाच सायकलवर बसून सांडूच्या घरी आले. एरवी हे दोघं एका रस्त्यानं जायचे नाहीत. फकिरा तात्यासाहेबांचा चुलत पुतण्या. मजीदचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि बॉलही तो दुरुस्तीला आलेल्या वस्तूसारखा उलटसुलट बघून मगच परत द्यायचा.

"तात्याला पाव्हणा बोलावलाय फायनलला," फकिरा म्हणाला. "हार, नारळ, सगळं. उद्घाटनाची किक तात्याच्या हातून."

"पायातून," मजीद म्हणाला.

"तेच ते. पोटात ढोकळा अन् गळ्यात हार पडला की तात्या मऊ पडतो. तव्हाच इचारायचं, की साल-दोन साल मोजणी ऱ्हाऊ द्या."

"चांगलंय," सांडू म्हणाला. "माझ्याकडं काय काम?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"सांडूभाऊ, त्या दिवशी कायदा जरा सैल धरा."

"किती सैल?"

"तात्याच्या मापाचा."

"आप समझदार आदमी हो, सांडूभाई," मजीद म्हणाला. "मैदान रहा तो रेफरी. नईं रहा तो क्या, प्लॉट नंबर चौदा में शिट्टी बजाते बैठोगे?"

सांडूनं पाणी मागितलं. कोणी दिलं नाही. तेव्हा त्यानं उठून स्वतः घेतलं आणि पिता पिता मान डोलावली.

रविवारी मैदानाला चुन्याच्या ताज्या रेषा मारल्या, पताका लावल्या, पाव्हण्यांसाठी शाळेतून दोन हातांच्या खुर्च्या आणल्या. पाव्हणे आले नाहीत. मोठा माणूस वेळेवर आला तर तो मोठा आहे हे लोकांनी कशावरून ओळखायचं? बराच वेळ वाट बघून, ऊन कलायला लागलं तशी सांडूनं उद्घाटनाशिवायच मॅच सुरू केली. पहिला डाव संपला, दुसरा लागला. मुकुंदवाडीचा एक गोल झाला, पुंडलिकनगरचा एक झाला. खेळ ऐन रंगात असताना रस्त्याकडून जीप आली, कोपऱ्यातला झेंडा आडवा करून मैदानात शिरली आणि थेट मधल्या वर्तुळात थांबली. सांडूनं शिट्टी मारली. जीपला ऑफसाइड देता येत नाही, म्हणून नुसताच खेळ थांबवला.

पुढच्या सीटवरून तात्यासाहेब उतरले. पांढरंशुभ्र धोतर, नेहरू शर्ट, डोक्याला गुलाबी पटका, हातात चांदीच्या मुठीची काठी, पायात करकरणारे जोडे. वय सत्तरीच्या घरात, पण मिश्यांना ते कोणी कळवलेलं दिसत नव्हतं. मागच्या सीटवरून आप्पासाहेब उतरले आणि उतरल्या उतरल्या मैदानाकडं बघून डोळे बारीक करू लागले. या माणसाला गोलपोस्ट दिसतच नव्हते, रस्ता सोडून किती प्लॉट बसतात एवढंच दिसत होतं.

हार झाले. नारळ फोडायला दगड नव्हता म्हणून तो गोलच्या बांबूवर फोडला, तेव्हा नारळ तसाच राहिला आणि बांबू वाकला. "या स्पर्धेचं उद्घाटन झालं असं मी जाहीर करतो," तात्यासाहेब म्हणाले. स्पर्धेची शेवटची काही मिनिटं उरली होती. टाळ्या पडल्या.

मग बॉल मधे ठेवला. मानाची किक. आता सांडूनं इथं गप्प उभं राहायला हवं होतं. पण एवढा मोठा माणूस किक मारणार आणि आपण हातातली शिट्टी वाजवायची नाही, हे त्याला बरं दिसेना. पाव्हणा आला तर बँडवाल्यानं बँड नको का वाजवायला? त्यानं गाल फुगवून सणसणीत शिट्टी मारली.

तात्यासाहेबांनी काठीवर भार देऊन लाथ घातली. बॉलला उतार लागला. तो सावकाश, वरातीतल्या घोड्यासारखा, पुंडलिकनगरच्या गोलाकडं निघाला. वाटेतली पोरं अदबीनं बाजूला झाली. गोलात मजीद उभा. त्यानं ठरवलं असतं तर पायाच्या अंगठ्यानं थांबवला असता. पण बुजुर्गांचा बॉल अडवायचा नसतो. मजीदनं छातीवर हात ठेवला, किंचित वाकला, आणि "आइये, आइये" म्हणत बॉलला आत जायला जागा करून दिली.

ढोल वाजला. मुकुंदवाडीची पोरं नाचली. तात्यासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला आणि विचारलं, "किती झाले?"

"दोन-एक!" फकिरा म्हणाला. सुरुवातीला तो गमतीनं म्हणाला असावा. पण 'दोन-एक' हा आकडा कानाला फार बरा लागला, म्हणून त्यानं तो पुन्हा एकदा, गंभीरपणे म्हटला.

"एक-एक," सांडू म्हणाला. तो का म्हणाला हे त्याचं त्यालाही कळलं नाही. इतक्या वर्षांची जिभेची सवय.

ढोल थांबला.

"काहून रे सांडू? बॉल आत गेला का नाय?"

"गेला."

"तू शिट्टी मारली व्हती का नाय?"

"मारली व्हती, तात्यासाहेब."

"मंग?"

सांडूच्या डोळ्यांसमोर नियम लख्ख उभा राहिला आणि त्या नियमाशेजारी चतुराबाईंची बकरी उभी राहिली. तात्यासाहेब आणि बकरी एकाच कलमात बसत होते. हे तोंडानं सांगण्यासारखं नव्हतं.

"तुम्ही खेळाडू नाही ना, तात्यासाहेब. तुम्ही... बाहेरचे."

"बाहेरचा?" तात्यासाहेबांची काठी जमिनीवर आपटली. "मी? मह्या वावरात?"

आप्पासाहेब मागून हळूच खोकले. मंगळवारचा खोकला होता तो. मजीदनं लांबून कपाळावर हात मारला. पण फकिरा गव्हाण्यांच्याच घराण्यातला. दुसऱ्याची अडचण आपल्या सोयीची कशी करायची हे त्याला शिकवावं लागत नसे.

"तात्या खेळाडू नाय ना? मंग तात्याला खेळाडू करा! बदली गडी. नियम हाय का नाय, सांडूभाऊ?"

नियम होता. वयाची अट कुठंही नव्हती. पुस्तक लिहिणाऱ्यांना मुकुंदवाडी माहीत नव्हती.

मुकुंदवाडीचा एक धापा टाकणारा पोरगा बाहेर आला. त्याचा घामेजलेला बनियन तात्यासाहेबांच्या नेहरू शर्टावर चढवला. सांडूनं खेळाडूची तपासणी केली. काठी बाहेर. हार बाहेर. करकरणारे जोडे काढून फकिराच्या भावाचे कॅनव्हासचे बूट. धोतराचा काचा मारला. पटक्यावर सांडूची नजर रेंगाळली, पण तात्यासाहेबांची नजर त्याच्यावर रेंगाळली, तेव्हा त्यानं पटका मंजूर केला.

खेळ सुरू झाला, म्हणजे दोन खेळ सुरू झाले. एक पोरांचा आणि एक तात्यासाहेबांचा. दह्याचं मडकं डोक्यावर घेऊन चाललेल्या बाईला वळसा घालावा तशी पोरं तात्यासाहेबांना वळसा घालून जात. ते जिथं उभे त्याच्या आसपास कोणी बॉल घ्यायला जाईना. तात्यासाहेबांनी थोडा वेळ इकडंतिकडं पाहिलं आणि सरळ चालत जाऊन पुंडलिकनगरच्या गोलासमोर उभे राहिले. मागं मजीद, पुढं सारी फौज. फकिरानं लांबून बॉल दिला. शिट्टी.

"काय झालं?"

"ऑफसाइड, तात्यासाहेब."

"म्हंजी?"

मोठ्या मोठ्या पोरांना वर्ष वर्ष न समजलेली गोष्ट सांडूला आता उभ्या उभ्या समजावून सांगायची होती. त्यानं तात्यासाहेबांच्या पेशाला धरून सांगितलं. "गोलकीपर सोडला तर त्यांचा शेवटचा गडी म्हणजे बांध समजा. आपल्या माणसानं बॉल मारला त्या वेळेला आपण बांधाच्या अलीकडं पाहिजे. आधीच पलीकडं जाऊन बसायचं नाही."

"बांध ओलांडायचा नाय."

"बरोबर."

"अस्सं." तात्यासाहेबांचा चेहरा उजळला. "मंग सोपंय की. आमच्या घराण्यात कोणीच कव्हा बांध ओलांडला नाय. आम्ही बांध सरकवतो."

सांडूला वाटलं ही विनोदाची गोष्ट आहे. ती नव्हती. पुंडलिकनगरचा शेवटचा गडी म्हणजे बँकेत नुकताच चिकटलेला एक उंच, सुस्वभावी पोरगा. तात्यासाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला.

"कोणाचा रे तू, बाळा?"

"मी... गंगापूरकडचा, आजोबा."

"गंगापूर? मामा कुठले?"

"वैजापूरचे."

"वैजापूरला कोण?" असं विचारत तात्यासाहेब चालायला लागले. वडीलधारा माणूस मामाबद्दल बोलत असताना आपण जागेवर थांबून राहणं त्या पोराला उद्धटपणाचं वाटलं. तो बरोबर चालत राहिला. मामाच्या सासुरवाडीपर्यंत येईतो बांध गोलाच्या तोंडाशी आला होता आणि तात्यासाहेब त्याच्या अलीकडं, काटेकोर कायद्यात उभे होते.

सांडूनं शिट्टी तोंडात धरली. प्रतिस्पर्ध्याला ढकलणं, ओढणं, धरणं, या प्रत्येकावर पुस्तकात कलम होतं. त्याच्या मामाची चौकशी करण्यावर नव्हतं. पुढून फकिराचा बॉल आला, तात्यासाहेबांच्या नडगीला लागला आणि बाहेर गेला. सांडूनं शिट्टी तोंडातून काढली. प्रेक्षकांतून आवाज आला, "ए रेफरी, शिट्टी में साबुदाना अटका क्या?"

हे त्याला लागलं. नाश्त्याची चौकशी त्यानं वर्षानुवर्षं हसत ऐकली होती, साबुदाण्याची मात्र झोंबली. कारण शिट्टीत खरंच काहीतरी अडकलं होतं, आणि ते काय हे खुर्चीवर बसलेल्या आप्पासाहेबांकडं पाहिलं की समजत होतं.

तात्यासाहेब आता दमले. ते चढ चढून आपल्याच संघाच्या गोलाकडं आले, वाकलेल्या बांबूला टेकले आणि मागं खुर्चीत बसलेल्या आप्पासाहेबांकडून पाण्याचा तांब्या घेतला.

"कोपऱ्यातली बाभूळ काढावी लागंल," आप्पासाहेब म्हणत होते. "तिथून रस्ता काढला तर—"

तेवढ्यात पुंडलिकनगरनं हल्ला केला. मुकुंदवाडीचा गोलकीपर पुढं धावला, चुकला, पडला. बॉल त्याच्या अंगावरून सुटला आणि रिकाम्या गोलाकडं निघाला. पण चढ होता. बॉल सावकाश, दम खात खात येत होता. आप्पासाहेब म्हणाले, "तात्यासाहेब, तुमचं काहीतरी आलं बघा." तात्यासाहेबांनी तांब्या खाली ठेवला, वाकले, रेषेवर आलेला बॉल बाजारातलं कलिंगड उचलावं तसा दोन्ही हातांनी उचलला, आणि छातीशी धरून जोरात म्हणाले, "धरला!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग एकेकाला समजत गेलं तशा टाळ्या विरल्या. आपल्या वावरात येऊन पडलेली वस्तू आपली, या हिशेबानं तात्यासाहेब बॉल धरून उभे होते. चेहऱ्यावर समाधान होतं. इतक्या वेळात पहिल्यांदा त्यांच्या हाताला काहीतरी लागलं होतं.

सांडूनं शिट्टी मारली. ती त्यानं मारली की तिची तीच वाजली, हे सांगणं अवघड आहे.

मजीद दुसऱ्या टोकाकडून पळत आला. "सांडूभाई, सांडूभाई! जाने दो. हमना नक्को पेनल्टी. हम माफ किये. क्यूं रे?" त्यानं आपल्या पोरांना विचारलं. सगळं पुंडलिकनगर माना हलवू लागलं. ज्यांच्यावर अन्याय झाला तेच न्याय नको म्हणत होते. फकिरा तर हातच जोडून उभा राहिला. "भाऊ, काय ठरलं व्हतं आपलं? तात्याच्या मापाचा—"

सांडू तात्यासाहेबांच्या समोर येऊन उभा राहिला. सोपं होतं सगळं. हसायचं, "वा तात्यासाहेब, काय झेल घेतला" म्हणायचं, बॉल घेऊन मधे ठेवायचा. मैदान कदाचित वाचलं असतं. मग दर रविवारी त्या वाचलेल्या मैदानावर काय वाजवायचं, एवढाच प्रश्न उरला असता. मघाचा बँकेतला पोरगा, मजीद, फकिरा, सगळे त्याच्याकडं बघत होते. आपण घरी आहोत आणि मिठाची वाटी मागतो आहोत, असं सांडूला वाटलं.

त्यानं उजव्या खिशात हात घातला. शिंप्यानं खिसा अरुंद शिवला होता, कार्ड लवकर निघेना. निघालं तेव्हा ते लाल होतं. हात वर गेला. 

"हे लाल कशाचं?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"बाहेर जायचं."

"कोणी?"

"तुम्ही."

"कुठून?"

"मैदानातून, तात्यासाहेब. गोलात चाललेला बॉल हातानं अडवला, त्याला हीच शिक्षा आहे."

चतुराबाईंची बकरी ओरडली ती सगळ्या मैदानानं ऐकली. तात्यासाहेबांनी बॉलकडं पाहिलं, कार्डाकडं पाहिलं, सांडूच्या पायांकडं पाहिलं. मग त्यांनी बॉल खाली ठेवला, बनियन काढून फकिराच्या हातात दिला, आणि धोतराचा काचा सोडत सोडत, ताठ मानेनं, चुन्याच्या रेषेबाहेर जाऊन उभे राहिले.

आप्पासाहेब खुर्चीवरून टुणकन उठले. "काय हा अपमान, तात्यासाहेब! चार लोकांत! असल्या मैदानाचं कौतुक काहून करायचं आपण? मंगळवारचं सकाळीच उरकून टाकू."

"थांबा हो," तात्यासाहेब म्हणाले. त्यांनी सांडूला बोटानं बोलावलं. सांडू रेषेपर्यंत गेला.

"ह्या टूर्नामेंटीत लाल किती जणांला दाखवलं?"

"तुम्हालाच."

"अन् पिवळं?"

"पिवळं लई जणांला. ते रोजचंच आहे."

"अन् तुह्या सगळ्या जन्मात? लाल?"

"आजच पहिल्यांदा खिशातून निघालं, तात्यासाहेब."

तात्यासाहेबांचा हात मिशीकडं गेला. त्यांनी जमलेल्या लोकांवरून नजर फिरवली, लग्नात पहिल्या पानाला बसलेला माणूस फिरवतो तशी. "म्हंजी पहिलं मलाच."

"अहो, हाकललंय तुम्हाला त्यानं!" आप्पासाहेब कळवळून म्हणाले.

"तुम्हाला नाय कळायचं. ही सारी पोरं मला मघापासून देव्हाऱ्यातल्या देवावानी वळसा घालून ऱ्हायली. बॉल आला का बाजूला व्हती. ह्या एकट्यानं मला गडी धरलं." ते पुन्हा सांडूकडं वळले. "द्या इकडं ते कार्ड."

"ते देत नसतात. नुसतं दाखवून परत ठेवायचं."

"दाखवून परत? लई चेंगट खेळ हाय राव तुमचा. बरं, मंग आता पुढं काय? एवढ्यावर मिटलं?"

"नाही. पुढच्या एका मॅचला बंदी."

"अन् त्याच्या पुढच्या मॅचला?"

"त्याला येता येतं. शिक्षा संपली की गडी मोकळा."

"पुढची मॅच कव्हा?"

सांडूनं खरं तेच सांगितलं. खरं सांगताना त्याच्या मनात दुसरं काहीही नव्हतं, हे तो पुढं अनेक वर्षं शपथेवर सांगत असे आणि कोणी विश्वास ठेवत नसे. "ही फायनल ना. आता मॅच नाही. पुढच्या वर्षीच्या टूर्नामेंटची पहिली मॅच तुम्हाला बंद. मग दुसरीपासून खेळा."

तात्यासाहेबांनी मनात हिशेब केला. मग आप्पासाहेबांना म्हणाले, "मंगळवारचं ऱ्हाऊ द्या."

"अहो, ऱ्हाऊ द्या म्हंजी? मोजणीवाले सांगून ठेवलेत! साखळी येणार, माणसं येणार—"

"येऊ द्या. च्या पाजून लावून देऊ. पुढल्या साली बघू मोजणीचं. आता वावर इकलं तर लोक काय म्हणतील? तात्या गव्हाणे शिक्षेला भिऊन मैदानच मोडून पळाला. आमच्या घराण्यात बांधासाठी कोर्टात जाणारे झाले, जेलात जाणारे झाले. शिक्षा चुकवणारा नाय झाला कोणी."

आप्पासाहेब तरातरा निघाले. मग ते जीपमध्ये जाऊन बसले. जीप तात्यासाहेबांची होती, त्यामुळं ती हलली नाही.

फकिराला आधी हे उमगलं नाही. उमगलं तेव्हा त्यानं जवळ उभ्या असलेल्या मजीदला मिठी मारली. मग समोर पेनल्टी आहे आणि हा दुसऱ्या संघाचा आहे हे आठवून सोडून दिली.

"अब तो मारना पडेगा ना?" मजीदनं सांडूला विचारलं.

"मारावीच लागंल."

बँकेतल्या पोरानं मारली. मारण्याआधी त्यानं सवयीनं तात्यासाहेबांकडं बघून नमस्कार केला आणि मग वाकलेल्या बांबूच्या आतल्या अंगानं बॉल सरकवला. गोल. पुंडलिकनगर नाचलं. रेषेबाहेर, रोज शिव्या देणाऱ्या मंडळींनी सरकून तात्यासाहेबांना पुढं जागा करून दिली होती. तिथून काठी उंचावून एक नवा, खणखणीत आवाज आला.

"ए सांडू! किपर तोंड वळवून उभा व्हता तव्हा शिट्टी मारतो व्हय रे? डोळे हायेत का बटनं? पुंडलिकनगरला जेवण हाय वाटतं आज तुहं!"

लोक खदखदून हसले. सांडूनं मान वळवली नाही. त्यानं लाल कार्ड खिशात नीट बसलंय का हे चाचपून पाहिलं, बॉल मधल्या वर्तुळात मागवला, आणि छाती भरून शिट्टी मारली.